कबुलीला पत्ता लागतो

बारा वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. हंगामाच्या सणाला लोकांनी वाहिलेली ज्वारी, भोपळे, कोंबड्या यांचा उपासनेनंतर लिलाव झाला. त्या पैशांतले 2,200 रुपये मी मुलाच्या फीसाठी ‘तात्पुरते’ उचलले. चिठ्ठ्यांशी रक्कम जुळेना, तेव्हा सगळ्यांच्या नजरा घंटा वाजवणाऱ्या काकांकडे वळल्या; पेटी त्यांनीच उचलून आणली होती. त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. मी गप्प बसलो. पगार झाल्यावर ‘कपाटामागे सापडले’ म्हणून पैसे भरले. पुढची चार वर्षं मला जे शिकवून गेली, ते हे.

1. हिशेब जुळला म्हणून पाप फिटत नाही. वही चोख झाली, पण काकांच्या हातात घंटेचा दोर परत आला नाही.

2. मोघम कबुली फार सोयीची असते. दर रविवारच्या सामुदायिक पापकबुलीत माझाच आवाज सगळ्यांत मोठा. ‘आम्ही चुकलो’ म्हणताना त्या ‘आम्ही’त मी आरामात मावायचो. एका रात्री बंद खोलीत आकडा आणि काकांचं नाव मोठ्याने उच्चारलं. घसा कोरडा पडला. माझी खरी प्रार्थना तिथून सुरू झाली.

3. वचनाच्याही आड लपता येतं. स्तोत्र 51 मध्ये दावीद म्हणतो, आपण देवाचाच अपराध केला. मला ते बरं वाटायचं. म्हणजे देवाशी मिटलं की झालं! मग 2 शमुवेल 11 आणि 12 लागोपाठ वाचले. नाथान संदेष्टा दाविदापुढे उभा राहिला तोवर, दाविदाने ज्याचा घात केला तो उरीया मेलेला होता. दाविदाला त्याच्या दारी जाताच येणार नव्हतं. माझे काका दोन गल्ल्या सोडून राहत होते.

4. ‘पण’ घरी ठेवून जावं. मत्तय 5 मध्ये प्रभू सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. मी गेलो तेव्हा काका ओट्यावर तांदूळ निवडत होते. मी सगळं सांगितलं आणि पुढे म्हणालो, ‘पण काका, तेव्हा परिस्थितीच…’ त्यांनी एक खडा बाजूला टाकला. ‘किल्ली मागितली तेव्हा तू तिथंच होतास ना रे?’ ‘होतो.’ माझी कबुली एवढीच होती. बाकी सगळी वकिली.

5. डाग जिथवर पसरला, तिथवर धुवायला जावं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या संजीवनात मुलींनी रडत, सगळ्यांसमोर पापं कबूल केली. प्रत्येक पाप चव्हाट्यावर मांडावं असं मला वाटत नाही. मनातला मत्सर देवाला किंवा पाळकांना सांगितला तरी पुरे. काकांची बदनामी मात्र मंडळीत झाली होती. म्हणून आधी पंच कमिटीपुढे आणि मग उपासनेनंतर सगळ्यांपुढे उभा राहिलो. खजिनदारी सोडली.

6. क्षमेची वसुली करू नये. देवाच्या क्षमेचं वचन 1 योहान 1:9 मध्ये आहे, त्यावर मी टेकून आहे. माणसाला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ त्याचा असतो. काका घंटेकडे परतले नाहीत. कितीतरी दिवस नुसती मान हलवायचे.

गेल्या हंगामाच्या सणाला त्यांनी लिलावात एक भोपळा घेतला. नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, ‘गुडघे दुखतात रे. खजिनदाराला देऊन ये.’