दाताचा कागद

समजा, तुम्ही जरीपटक्यात राहता. जुने दातांचे डॉक्टर गाव सोडून गेले. नवे म्हणतात, "खालची डावी दाढ काढावी लागेल." दाढ तर दुखत नाही! न दुखणारी दाढही किडलेली असू शकते, हे खरे. पण काढलेली दाढ पुन्हा उगवत नाही. आधी जुना कागद काढा.

त्यावर ३६ लिहिले आहे. हे छत्तीस नव्हे; तीन-सहा. पहिला आकडा बाजूचा. वरची उजवी १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. बाजू आपली धरायची, डॉक्टरांची नव्हे. दुसरा आकडा मधल्या दातापासून मागे मोजायचा. सहावी ती मोठी दाढ. पुढे 'फिलिंग' लिहिले आहे. म्हणजे ही दाढ पूर्वी भरलेली आहे. 'केरीज' म्हणजे कीड. 'आर.सी.टी.' म्हणजे आतली नस काढून मूळ भरणे.

आता विचारा, लाजू नका. "डॉक्टरसाहेब, कीड किती खोल गेली? एक्स-रेत दाखवता का?" कीड त्यात काळी दिसते. "नस काढून दाढ वाचेल का?"

पटले नाही, तर कागद आणि एक्स-रे घेऊन मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. सूज किंवा ताप असेल, तर मात्र त्याच दिवशी जा.