अपघातातली गाडी ट्रॅकवर न्यायची? आधी हिशेब मांडा

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. मिरचीचा पैसा हातात आला की दीडशे-दोनशे सीसीची गाडी दारात यावी, ही इथल्या कितीतरी तरुणांची इच्छा असते. अशी गाडी कधीतरी वळणावर घसरते किंवा ट्रॉलीला धडकते. पोरगं वाचतं, गाडी मात्र चेपते. गॅरेजवाला ऐंशी-नव्वद हजारांचा आकडा सांगतो. मग मोबाईलवर रेसचे व्हिडिओ पाहिलेल्या पोराच्या मनात येतं, एवढा खर्च करून रस्त्यावर कशाला आणायची? हेडलाईट, इंडिकेटर, मडगार्ड काढून टाकू आणि हिची ट्रॅक बाईक करू.

विचार वाईट नाही. वेगाची हौस रस्त्यावरून ट्रॅकवर गेली तर त्यात पोराचंही भलं आहे आणि समोरून येणाऱ्याचंही. पण ट्रॅकच्या छंदात गाडी हाच सगळ्यांत स्वस्त भाग असतो. मोडकी गाडी घरात पडून आहे म्हणून हा छंद स्वस्तात होईल, असं समजून पैसे घालणारा फसतो. म्हणून हा हिशेब.

सर्व्हेअर येईपर्यंत पाना लावू नका

अपघातानंतर विमा कंपनीला लगेच कळवा. कुणी जखमी असेल तर पोलिसांनाही कळवणं बंधनकारक आहे. जागेवरचे फोटो काढून ठेवा. कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी उघडू नका. ट्रॅकच्या उत्साहात बॉडी आधीच सुटी केली, तर नुकसान अपघाताचं की तुमच्या हातचं, यावर वाद होतो आणि दावा अडकतो.

आता पॉलिसी नीट वाचा. ती नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचा एक रुपयाही मिळणार नाही. ‘ओन डॅमेज’ असेल तर आयडीव्ही म्हणजे गाडीची विमा-किंमत बघा. कंपनीच्या विक्री-किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घट धरून ती ठरते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते.

एक उदाहरण घेऊ. गाडीची किंमत १,५०,००० रुपये, वय दोन ते तीन वर्षं. ३० टक्के घट धरून आयडीव्ही १,०५,०००. त्याचे ७५ टक्के म्हणजे ७८,७५०. गॅरेजचा अंदाज ८५,००० आला, म्हणजे टोटल लॉस. इथून दोन वाटा फुटतात. मोडकी गाडी कंपनीकडे गेली, तर सक्तीची १०० रुपयांची वजावट जाऊन १,०४,९०० रुपये मिळतात. गाडी तुम्हीच ठेवली, तर तिची मोडीतली किंमत वजा होते. ती ३०,००० ठरली तर हातात येतील ७४,९००.

म्हणजे ‘घरचीच गाडी आहे, फुकट आहे’ हे खरं नाही. ती तुम्ही ३०,००० रुपयांना विकत घेत आहात. मोडीची किंमत कशी ठरवली, हे सर्व्हेअरला जरूर विचारा. आकडा पटला नाही तर लेखी कळवा.

टोटल लॉस झाला नाही तरी सगळं बिल कंपनी भरत नाही. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा तुमच्या माथी येतो. लोखंडी भागांवर तो वयाप्रमाणे लागतो, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के. झिरो-डेप (घसारा न कापणारं जादा विमा-संरक्षण) घेतलं असेल तरच यातला बहुतेक भार हलका होतो.

गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर दाव्याचे पैसे आधी फायनान्स कंपनीकडे जातात आणि तिच्या ना-हरकतीशिवाय आरसी (गाडीची नोंदणी) रद्द होत नाही; ती का रद्द करायची ते पुढे येईल. हप्ते बाकी असताना ट्रॅक बाईकचा विचार बाजूला ठेवावा, हे मी ठामपणे सांगेन. घरात तीच एक गाडी असेल, दूध आणि मिरचीची पोती तिच्यावरच जात असतील, तरीही तेच.

चेसी सरळ आहे का?

सगळा निर्णय या प्रश्नावर उभा आहे. फोर्कचे पाइप, ते धरणारी टी, रिम, अगदी मागचं चाक धरणारा चिमटासुद्धा बदलता येतो. चेसीचं तसं नाही. तिच्यावर चेसी नंबर कोरलेला असतो आणि नवी चेसी म्हणजे आरटीओची वेगळी कागदपत्रं.

घरच्या घरी करण्यासारख्या चार तपासण्या अशा:

१. टाकी काढा. हँडलचा दांडा ज्या नळीत बसतो, तिच्या मागचे आणि खालचे वेल्डिंगचे जोड उजेडात बघा. रंगाला बारीक भेग, सुरकुती किंवा पापुद्रा दिसला तर धातू हलला आहे.

२. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. ज्या टोकावर ते अडतं तो स्टॉपर चेपलेला किंवा तुटलेला असेल, तर धक्का थेट चेसीपर्यंत गेला आहे.

३. पुढचा ॲक्सल काढून परत घाला. तो हाताने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर फोर्क किंवा टी पिळली आहे. पाइप काढल्यावर जाड सपाट काचेवर लोळवा, बाक लगेच दिसतो.

४. दोरीची तपासणी. आधी चेनच्या दोन्ही ॲडजस्टरच्या खुणा सारख्या करा. गाडी सरळ उभी करून जमिनीपासून वीतभर उंचीवर मागच्या टायरमागून दोरी घ्या आणि दोन्ही टोकं पुढे ताणा. दोरी मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी पुढच्या आणि मागच्या कडेला टेकली पाहिजे. हँडल सरळ धरून पुढच्या टायरपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. ते सारखं नसेल तर चिमटा, टी किंवा चेसी यांपैकी काहीतरी वाकलं आहे.

शंका उरली तर संभाजीनगर किंवा पुण्यात चेसी जिगवर मोजून देणाऱ्याकडे न्या. चेसी वाकलेली निघाली तर बेत तिथेच सोडा. ती तापवून, ठोकून सरळ करून देणारे भेटतात. पण तापवल्याने पोलादाची ताकद बदलते आणि जोडाजवळ तडा जायची भीती राहते. ट्रॅकवर ब्रेकचा जोर रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त आणि पुन्हा पुन्हा येतो. ठोकलेल्या चेसीवर पोराला बसवू नका.

गाडी कोणती आहे, हेही बघा. आर-१५, आरसी २००, पल्सर एनएस किंवा आरएस २००, अपाचे २०० यांना ट्रॅकचे टायर आणि फायबर बॉडी मिळते. शंभर-सव्वाशे सीसीच्या रोजच्या गाडीवर हा खर्च करू नका. बजाजचा कारखाना वाळूजला आहे, शॉकअप बनवणारी एंड्युरन्सही तिथलीच. बजाजच्या गाडीचे भाग आपल्या भागात मिळायला अडचण पडत नाही.

काय काढायचं, काय बसवायचं

आरसे, हेडलाईट, इंडिकेटर, नंबरप्लेट, दोन्ही स्टँड, साडी गार्ड, मागचे फूटरेस्ट हे सगळं निघतं. काढलेलं जपून ठेवा, ते विकून थोडे पैसे सुटतात. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि झाकण तारेने बांधावं लागतं. पोटाखालची बॉडी तेल सांडलं तर साठवेल अशी हवी. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरतात, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं की मागून येणारे घसरतात.

दीडशे ते दोनशे सीसीच्या गाडीचा अंदाजे खर्च असा. दुकानात दर विचारूनच पुढे जा:

• फोर्क पाइप, टी, कोन सेट, सील, तेल: ८ ते १५ हजार
• इंजिनचं काम, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड: ८ ते १५ हजार
• टायरची जोडी: ६ ते १२ हजार
• फायबर बॉडी: ८ ते १५ हजार
• रिअरसेट, लिव्हर, इंजिनचे संरक्षक कव्हर: ५ ते १० हजार

गाडीची बेरीज ३५ ते ६७ हजार. आता अंगावरचं साहित्य:

• फुल-फेस हेल्मेट: ६ ते १५ हजार
• एकसंध लेदर सूट: २५ ते ५० हजार
• हातमोजे: ३ ते ८ हजार
• बूट: ८ ते १८ हजार
• पाठीचं संरक्षक कवच: ३ ते ६ हजार

हे झाले ४५ ते ९७ हजार. यात काटकसर चालत नाही. अपघातात डोक्यावर असलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्या. आतला थर्माकोलचा थर एकदा दबला की पुढचा धक्का झेलत नाही.

मोडीतल्या गाडीचे ३० हजार धरले, तर एकही फेरी मारण्याआधी १,१०,००० ते १,९४,००० रुपये गेले. अपघातातली गाडी वापरून जी बचत झाली असं वाटतं, ती या रकमेतला लहानसा तुकडा आहे.

ट्रॅक आहे कुठे?

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाला २०११ पासून बुद्ध सर्किट, ही देशातली नावाजलेली ठिकाणं. आपल्या राज्यात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा छोटा ट्रॅक आहे. तो मुख्यतः कार्टिंगचा, त्यामुळे दुचाकीसाठी कधी खुला असतो हे निघण्याआधी विचारा. पुण्यात बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, पण ती मातीवरच्या उड्यांची स्पर्धा. त्या गाड्या मुळातच वेगळ्या असतात. रस्त्याची गाडी तशी उडवायला जाऊ नका.

पिंपळगावाहून चेन्नई अकराशे किलोमीटरच्या पुढे आहे. ट्रॅक बाईक रस्त्यावरून चालवत नेता येत नाही, टेम्पोतच न्यावी लागते. किलोमीटरला २० रुपये धरले तरी जाऊन-येऊन २,२०० किलोमीटरचे ४४,००० रुपये झाले. चार जणांनी मिळून नेलं तर प्रत्येकी ११,०००. वर ट्रॅकची फी, राहणं, पेट्रोल आणि सुट्टीचे दिवस. वर्षातून दोन फेऱ्या करायच्या म्हटल्या तरी हा खर्च काही वर्षांत गाडीच्या खर्चाला मागे टाकतो.

आणि समृद्धी महामार्ग हा ट्रॅक नाही. तिथे दुचाकीला बंदी आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथे समोरून कुणाचे तरी आईबाप येत असतात.

कागद आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. कलम १८२-अ खाली त्यासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. आपल्याकडे हे काम जालन्याच्या एमएच-२१ कार्यालयात होतं. फक्त ट्रॅकसाठी गाडी ठेवायची असेल तर हीच स्वच्छ वाट आहे. मात्र त्यानंतर ती गावातल्या गावातही चालवायची नाही. रद्द झाल्याची पावती, विम्याचं पत्र आणि मूळ बिल एकत्र जपा. टेम्पोत गाडी नेताना कुणी अडवलं तर तेच दाखवायचं.

नेहमीच्या दुचाकी पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर पडलात तर गाडीचा खर्च तुमचाच. आरोग्य विम्यातलं धाडसी खेळांबद्दलचं कलमही आधी वाचा.

मग करायचं काय?

चेसी सरळ आहे, कर्ज फिटलेलं आहे, घरात दुसरी गाडी आहे, साहित्याचे पैसे वेगळे काढलेले आहेत आणि सोबत जाणारे दोन-चार जण आहेत, या पाचही गोष्टी जुळल्या तर जरूर करा. स्वतःच्या हाताने गाडी उघडून उभी करणाऱ्या पोराला इंजिन जेवढं कळतं, तेवढं शोरूमच्या गाडीवर बसून कळत नाही. हा फायदा खरा आहे.

यातली एकही गोष्ट अडत असेल, तर दुसरी वाट जास्त चांगली. मोडकी गाडी कंपनीला देऊन पूर्ण दावा घ्या. वरच्या उदाहरणात १,०४,९०० रुपये मिळतात. त्यातून ४५ हजारांचं साहित्य घेतलं तरी जवळपास ६० हजार उरतात. ते रायडिंग स्कूलच्या शिक्षणाला लावा. खरी आवड असेल तर टीव्हीएसची १९९४ पासून चालणारी वन मेक स्पर्धा किंवा रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप बघा. तिथे निवडीतून जागा मिळते आणि गाडी कंपनीच तयार करून देते. मोडक्या गाडीची तिथे गरजच पडत नाही.

गाडी विम्यात बसत नसेल तर भाग सुटे करून विका, पण आरसी रद्द झाल्याशिवाय नंबर असलेलं इंजिन किंवा चेसी कुणाला देऊ नका. उरलेलं लोखंड जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्टीत कामी येतं, पण भंगाराच्या वजनावर पूर्ण गाडी काढली तर कवडीमोल पैसे मिळतात.

आईवडिलांना एक विनंती. पोराने ट्रॅकचं नाव काढलं म्हणून लगेच रागावू नका. त्याच्यासमोर वही ठेवा आणि वरचे आकडे त्याच्याच गाडीचे, त्याच्याच हाताने लिहायला लावा. बेरीज केल्यावरही तो साहित्यापासून सुरुवात करायला तयार असेल, तर त्याची हौस खरी आहे आणि तिला पैशाची मदत करायला हरकत नाही. तो फक्त सायलेन्सर आणि स्टिकरचीच यादी करत असेल, तर यंदा ती गाडी विकून टाका.