होस्टेलला निघालेल्या भाचीला इंग्रजीचा कानमंत्र

पोरी, लातूर सोडून पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीस. बॅग भरायला तुझी आई आहे. माझा जन्म हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात गेला, तेव्हा माझ्याकडून शब्द घेऊन जा. कॉलेजात कुणी छळलं तर ते इंग्रजीत कसं सांगायचं, एवढंच सांगते. मराठी माध्यमातल्या हुशार मुलीही नेमक्या इथे अडतात. सांगायची वेळ आली की तोंडातून एकच वाक्य निघतं, 'सर, दे आर टॉर्चरिंग मी.' मग रेक्टर म्हणतात, 'थोडं ॲडजस्ट कर.'

मोठाले शब्द सोड, क्रियापद धर. कोणी काय केलं, तुला काय करायला लावलं? 'दे मेड मी स्टँड इन द कॉरिडॉर टिल टू ए.एम.' असं लिही. 'मेड मी'च्या पुढे 'टू' येत नाही, 'फोर्स्ड मी'च्या पुढे येतो. पण जबरदस्ती झाली नसेल तर 'फोर्स्ड' लिहूही नकोस. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगबंदी कायद्याप्रमाणे, जी गोष्ट विद्यार्थी एरवी आपखुशीने करणार नाही ती त्याला करायला नुसतं सांगणं हेही रॅगिंगच आहे. तेव्हा 'दे आस्क्ड मी टू डान्स' एवढं खरं असेल तर तेवढंच लिही. वाढवून लिहिलेली एक ओळ खोटी ठरली की उरलेल्या दहा खऱ्या ओळींवरही शंका घेतात.

सीनियर लोकांची भाषा मोठी गोड असते. 'इंट्रो', 'इंटरॅक्शन', 'जस्ट फन'. नाव-गाव विचारलं, तर ती ओळख. मान खाली घालून शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभी राहा म्हटलं, तर ती ओळख नव्हे, त्याला त्यांनी 'थर्ड बटन' असं नाव दिलेलं असलं तरी. तक्रारीत त्यांचा शब्द त्यांच्याच नावावर टाक, 'व्हॉट दे कॉल इंट्रो', आणि पुढे घडलं ते लिही.

'टीझिंग'ला कमी लेखू नकोस, तो शब्द कायद्यातच आहे. 'मॉक' म्हणजे नक्कल करून, वेडावून हसणं. 'ह्युमिलिएट' लिहिलंस की कोणाकोणासमोर तेही लिही, कारण चारचौघांत झालं म्हणून तर तो अपमान. 'थ्रेटन' लिहिलंस तर धमकीचं वाक्य जसंच्या तसं दे, हिंदीत असेल तर हिंदीत, शिवीसकट. लाजू नकोस, शिवी तुझी नाही. 'एक्सक्लूड' म्हणजे वाळीत टाकणं. तू बसलीस की मेसच्या टेबलावरून सगळ्यांनी उठून जायचं, ग्रुपमधून काढून टाकायचं. यात अंगावर ओरखडाही दिसत नाही, म्हणून तारखा टिपून ठेव. नुसतं 'ऑलवेज' चालत नाही. आणि रूममेटच्या बाजूने साक्ष द्यायची वेळ आली तर 'आय सॉ' आणि 'आय हर्ड' यांची सरमिसळ करू नकोस.

आता खास तुझ्यासाठी. पुण्यामुंबईच्या कॉलेजांत मराठी माध्यमाच्या मुलांना 'व्हर्नी' म्हणतात. मैत्रीत एखादीने म्हटलं तर तूही तिला काहीतरी म्हण, हिशेब मिटला. पण टोळकं करून रोज म्हणायला लागले, तुझ्या उच्चारांवर हसायला लागले, तर वाक्य तयार ठेव, 'दे मॉक माय ॲक्सेंट अँड कॉल मी व्हर्नी.' यूजीसीच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली भर पडली. रंग, धर्म, जात, दिसणं यांवरून होणाऱ्या छळाच्या जोडीला 'रीजनल ओरिजिन्स' आणि 'लिंग्विस्टिक आयडेंटिटी' हेही त्यात आले. म्हणजे तुझं लातूरही आलं आणि तुझी मराठीही. पाठांतराचा मला तिटकारा आहे हे तुला ठाऊकच आहे, पण हे चार शब्द स्पेलिंगसकट घोकून ठेव.

तोंडावर बोलायचं तर 'सॉरी सर, प्लीज सर' करत सुरुवात नको. 'स्टॉप इट. आय वोन्ट डू धिस.' बस. समोर घोळका असेल आणि तू एकटी, तर इंग्रजी राहू दे, आधी तिथून नीघ.

बोललेलं हवेत जातं, म्हणून तक्रार कागदावर हवी. त्या १९९९च्या कायद्यात संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार गेली की सात दिवसांत चौकशी करायचं बंधन आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून ती पोलीस ठाण्याकडे पाठवावी लागते. वॉर्डनच्या कानावर घातलं, एवढ्याने यातलं काही सुरू होत नाही. पहिलंच वाक्य 'आय विश टू मेक अ कंप्लेंट ऑफ रॅगिंग' असं हवं. शाळेत 'बुलिंग' ठीक आहे, कॉलेजात कायद्याचा शब्द रॅगिंग. कुणीतरी समजूतदार चेहऱ्याने सांगेल, त्याऐवजी 'मिसअंडरस्टँडिंग' लिही, मुलांच्या करिअरचा प्रश्न आहे. लिहायचं नाही. ईमेल पाठव, नाहीतर कागद देऊन पोच घे.

इतकं इंग्रजी सांगितलं खरं, पण कायदा 'लेखी' म्हणतो, 'इंग्रजीत' म्हणत नाही. त्या रात्री एकही शब्द आठवला नाही तर सरळ मराठीत लिही, तारीख घाल, सही कर. इंग्रजी सकाळी करू.

यूजीसीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत: १८००-१८०-५५२२. नंबर आत्ताच फोनमध्ये घाल. आणि कधी तक्रार लिहावी लागलीच, तर एक प्रत मला व्हॉट्सॲपवर टाक, स्पेलिंग मी बघते.