घरच्या केसवरून वॉर्डात जाताना

नर्सिंग ब्युरोतर्फे घरच्या केस करणाऱ्या मुलींचे मला अधूनमधून फोन येतात. ‘ताई, हॉस्पिटलला अर्ज केलाय, पण हात चालेल का? इंट्राकॅथ लावून किती वर्षं झाली!’ मी त्यांना सांगते, हात चालतो. हिरवी 18 ची, गुलाबी 20 ची, निळी 22 ची, हे कोणी विसरत नाही. शेजारी सीनियर उभी असली की शीर पुन्हा बोटाला लागायला लागते. काळजी करायची ती ही सीनियर शेजारी असेल की नाही, याची.

जीएनएम झाल्यावर मी बरीच वर्षं पुण्यात घरच्या केस केल्या. पक्षाघाताचे आजोबा, ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या काकू, रायल्स ट्यूबचं फीडिंग, बेडसोअरचं ड्रेसिंग. मग एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डला लागले. मेट्रननी अनुभवाचा दाखला वाचला आणि म्हणाल्या, ‘एवढा अनुभव आहे, तुम्हाला काय शिकवायचं?’ तेव्हा ऐकून बरं वाटलं. नुकत्याच पास झालेल्या मुलींना मिळाले ते ओरिएंटेशनचे दिवस मला मात्र मिळाले नाहीत आणि पहिल्याच आठवड्यात नाइटच्या यादीत माझं नाव लागलं. सोबतीला एक एएनएम आणि मावशी.

ती रात्र कशी गेली ते मी आजही विसरलेले नाही. क्रॅश ट्रॉली कुठे आहे ते दिसत होतं, पण तिच्या कुठल्या कप्प्यात काय, हे कोणी उघडून दाखवलेलं नव्हतं. घरी अडचण आली की डॉक्टरांना फोन आणि अ‍ॅम्ब्युलन्स. इथे ती अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे मीच होते. सुदैवाने कोणाला काही झालं नाही. सकाळी मी मेट्रनना जाऊन सांगितलं की मला अजून दिवसपाळीला सीनियरबरोबर ठेवा. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी ऐकलं.

म्हणून मुलाखतीतच विचारा: सीनियरबरोबर किती दिवस, नाइट कधीपासून, पेशंट किती. उत्तर ईमेलवर मागून घ्या. ‘तुम्हाला गरज नाही’ असं कौतुकाने सांगणाऱ्या ठिकाणी दोनदा विचार करा.

इन्सुलिनचं तर मी प्रत्येकीला बजावून सांगते. घरी बहुतेक पेशंट पेन वापरतात. त्यात बहुधा एका मिलिलिटरला 100 युनिट असतात. वॉर्डात मात्र 40 युनिटची व्हायल बऱ्याचदा हातात येते, तिची सिरिंज लाल टोपीची. 100 ची नारिंगी टोपीची. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटला 10 नाही, 25 युनिट जातात. साखर एकदम खाली येते, आणि रात्री झोपलेल्या पेशंटची साखर उतरलेली चटकन कळतही नाही. व्हायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग दोन्ही पाहायचे, आणि शेजारच्या सिस्टरला दाखवूनच द्यायचं. त्यात कमीपणा नाही.

पाळी बदलताना ओव्हर घेण्याची सवयही नव्याने लावावी लागते. घरी आपल्याला आजोबांचा खोकला ओळखीचा असतो, औषधाच्या वेळा तोंडपाठ. वॉर्डात सहा-आठ पेशंट, आणि कालचे दोन आज डिस्चार्ज झालेले. ओव्हर काउंटरवर उभं राहून घेऊ नका. बेडपाशी जा, सलाइनचा वेग पाहा, लघवीची पिशवी पाहा, केस पेपर उघडा. डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली तर ती लिहून परत वाचून दाखवा.

आणि एक गोष्ट घरून आणलेली आहे, ती हरवू देऊ नका. आपण तासन् तास एका माणसाजवळ बसलेलो असतो, त्याचा श्वास पाहिलेला असतो. वॉर्डाच्या टीपीआर चार्टवर श्वासाच्या रकान्यात सगळ्यांचे 18 किंवा 20 लिहिलेले दिसतात, कारण पूर्ण मिनिट मोजायला कोणाला सवड नसते. एका बाईंचा मी मोजला तर 28 निघाला. सॅच्युरेशन 95, बीपी ठीक, त्या बोलतही होत्या. आरएमओंना बोलावलं तेव्हा ते आधी मॉनिटरकडे पाहून जायला निघाले. मी म्हटलं, सर, एक मिनिट तुम्हीच मोजून पाहा. त्यांनी मोजला. त्याच रात्री बाईंना आयसीयूत हलवलं. न्यूमोनिया वाढत चालला होता. प्रकृती ढासळायला लागली की बरेचदा सगळ्यांत आधी श्वास वाढतो, आणि तो मोजायला यंत्र नाही, सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं.

आता वॉर्डाची इन्चार्ज मी आहे. घरच्या केसवरून कोणी रुजू झाली की आधी तिला क्रॅश ट्रॉली उघडून सगळी रिकामी करायला सांगते, मग एकेक वस्तू नाव घेत परत लावायला लावते. हे तिने दोनदा बिनचूक केलं, की मगच तिचं नाव नाइटच्या यादीत घालते.