रविवारी फिरणारी थैली कुठे रिकामी होते?

प्रश्न : माझं रोजचं जाणं-येणं क्वार्टर गेटवरून असतं. सिटी चर्चच्या आवारात रविवारी मोठी गर्दी दिसते. ऑफिसातल्या एका कॅथलिक मैत्रिणीला रविवारी कुठे बोलावलं की हमखास उत्तर येतं, ‘आज जमणार नाही, आज व्हिजिट आहे. पॅरिशचं काम.’ हे पॅरिश म्हणजे नेमकं काय? चर्चमध्ये थैली फिरवून जमवलेले पैसे कुठे जातात? परदेशातूनही येतात का? आणि ही मदत फक्त ख्रिस्ती माणसांनाच मिळते का?
– एक वाचक, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : तुमच्या मैत्रिणीची ती ‘व्हिजिट’ नीट समजली की पैशांचं उत्तर आपोआप मिळेल. पण आधी पॅरिश.

मराठी कॅथलिक पॅरिशला धर्मग्राम म्हणतात. चर्चची इमारत म्हणजे धर्मग्राम नव्हे. तो आखून दिलेला भाग असतो, अमुक रस्त्यापासून तमुक नाल्यापर्यंत. त्या हद्दीत राहणारा प्रत्येक कॅथलिक त्या धर्मग्रामाचा, मग तो दर रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) येवो किंवा वर्षातून एकदा नाताळला. त्याची जबाबदारी असते तिथल्या प्रमुख फादरांवर. कॅथलिक चर्चची सध्याची धर्मसंहिता १९८३ची आहे. तिच्या ५२९व्या कलमात या फादरांचं काम लिहिलेलं आहे : घरोघर जावं, लोकांच्या काळज्या जाणून घ्याव्यात आणि गरीब, दुःखी, एकाकी व आपल्या मुलखापासून दूर पडलेली माणसं मुद्दाम शोधून काढावीत. दार उघडं ठेवून बसून राहिलं की काम झालं, असं कायदाच म्हणत नाही. माणूस शोधत जायचं आहे.

‘मुलखापासून दूर पडलेली माणसं’ हे शब्द पुण्याला विशेष लागू पडतात, कारण पुण्यातला कॅथलिक समाज मुळात उभा राहिला तोच अशा माणसांचा. तुम्ही रोज पाहता ते सिटी चर्च १७९२चं. गोव्याकडचे कॅथलिक शिपाई पेशव्यांच्या फौजेत चाकरीला होते. त्यांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. दोम मिगेल द नोरोन्हा या फौजेतल्या अधिकाऱ्यानं ती मागितली आणि सवाई माधवरावांनी ती दिली. पेशव्यांच्या राजधानीत, पेशव्यांच्या जमिनीवर पुण्यातलं पहिलं चर्च उभं राहिलं. पुण्याच्या इतिहासातली ही गोष्ट शाळेत प्रत्येक मुलाला सांगावी अशी आहे. पुढे इंग्रजी फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी १८५०मध्ये सेंट पॅट्रिक्स चर्च झालं. १८८६मध्ये पुणे धर्मप्रांत (एका बिशपांच्या अखत्यारीतले सगळे धर्मग्राम) स्थापन झाला तेव्हा तेच बिशपांचं मुख्य चर्च, म्हणजे कॅथीड्रल, ठरलं. लष्कराच्या आसऱ्यानं तमिळ कुटुंबं आली. पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि शहरातली हॉस्पिटलं वाढली तशी मंगळूरकडची आणि केरळची माणसं आली. आता ईशान्येकडची विद्यार्थी मुलं येतात. म्हणून पुण्यातल्या मोठ्या चर्चच्या फलकावर मिस्सेच्या वेळा तीन-तीन, चार-चार भाषांमध्ये लिहिलेल्या दिसतात.

या सगळ्यांत ज्यांच्याविषयी फारसं बोललं जात नाही, ते म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून आलेले मराठी कॅथलिक. १८७६ ते ७८च्या दुष्काळानंतर जेझुइट संघाचे फादर त्या भागात गेले. राहुरी तालुक्यातल्या केंदळ गावी फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. हेच डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले आणि मासिकही पुढे पुण्यातून निघू लागलं. तिकडचा मोठा भाग १९८७मध्ये नव्या नाशिक धर्मप्रांतात गेला. पण दुष्काळ आणि रोजगार यांच्यापायी तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पुण्याला येत राहिली आहेत. यातली बरीच मूळची दलित. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६मध्ये तो शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलितांना तो आजही नाही. म्हणजे वस्ती तीच, काम तेच, गरिबीही तीच, पण अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नाही. जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी भरायची वेळ आली की हा फरक घरात जाणवतो. धर्मग्रामाच्या मदतीत शिक्षणाला मोठी जागा असते, त्याचं हे एक ठळक कारण. आणि चर्चच्या आत सगळं बरोबर होतं असंही नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमध्येही भेदभाव आणि अस्पृश्यता पाळली गेल्याचं लेखी कबूल केलं. माझ्या मते ते फार उशिरा झालं, पण ते होणं गरजेचं होतं. आपल्याच बाकावरच्या माणसाला खालचं समजून बाहेरच्या गरिबाची सेवा करता येत नाही.

आता ‘व्हिजिट’. तुमची मैत्रीण बहुधा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची सभासद असावी. ही संस्था १८३३मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली, ती फादरांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी. फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा मुलगा त्यांत पुढे होता. चर्चनं पूर्वी पुष्कळ केलं असेल, पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करता, असं वादसभेत विरोधकांनी विचारलं. ते त्याच्या मनाला लागलं. रोझाली रँदू नावाच्या सिस्टर पॅरिसच्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांनी या मुलांना घरं दाखवली, कसं बोलायचं ते शिकवलं. १८६३पासून संस्था भारतात आहे. धर्मग्रामातल्या तिच्या शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात आणि ती चालवतात साधी नोकरदार, निवृत्त, घर सांभाळणारी माणसं.

कॉन्फरन्सची बैठक पाहण्यासारखी असते. चर्चशेजारची एखादी खोली, लांब टेबल, त्यावर क्रूस आणि इतिवृत्ताची वही. प्रार्थना होते, मागचं इतिवृत्त वाचलं जातं. मग जोडीजोडीनं हकिगत सांगायची : या घरच्या आजींची औषधं संपली, त्या घरच्या मुलाचं कामावर जाणं बंद झालं. भेटीला नेहमी दोघांनी जायचं, एकट्यानं नाही. मदत घेणाऱ्या कुटुंबाचं नाव खोलीबाहेर जाता कामा नये, हा नियम फार कसोशीनं पाळतात. मग एक छोटी कापडी थैली हातोहात फिरते. प्रत्येकजण मूठ मिटून हात आत घालतो आणि मिटूनच बाहेर काढतो. कुणी शंभर टाकले, कुणी पाचशे, कुणाकडे त्या आठवड्यात काहीच नव्हतं, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. मदत घेणाऱ्याची लाज राखायची तशी देणाऱ्याचीही. मला ही रीत फार मोलाची वाटते. देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आपल्याकडे सगळ्याच धर्मांच्या वास्तूंमध्ये दिसतात, चर्चमध्येही दिसतात. या थैलीवर मात्र कुणाचंच नाव नसतं.

भेटीत प्रत्यक्ष काय होतं? बऱ्याचदा काहीच ‘दिलं’ जात नाही. अर्धा-पाऊण तास बसायचं. चहा पुढे आला तर नाही म्हणायचं नाही, कारण ज्या घरातून आपण फक्त देऊन येतो आणि घेत काही नाही, त्या घराला आपण लहान करून येतो. बोलता बोलता कळतं की रेशनकार्डावर सुनेचं नाव घालायचं राहिलं आहे, ससूनमध्ये तपासणीची तारीख आहे पण सोबत यायला कुणी नाही, घरमालक खोली रिकामी करायला सांगतोय. मग किराणा, औषधाचं बिल, एखाद्या महिन्याचं भाडं, वह्या-पुस्तकं, कुणी गेलं तर दफनाचा खर्च. पैसा लागतोच, पण तो भेटीमागून येतो.

असं घर सापडतं कसं? धर्मग्रामात वीस-पंचवीस शेजारी कुटुंबांचे छोटे गट असतात. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी एकेका घरी जमून रोझरी म्हणायची, मुलांनी एकेक मण्याची प्रार्थना सांगायची, मग चणे-चहा. तिथे कोण आलं नाही ते लगेच लक्षात येतं. कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाच्या घरी भांडण विकोपाला गेलंय, कुणाचा मुलगा दारूला लागलाय, हे फादरांच्या ऑफिसआधी या गटाला कळतं. जी आजी जिना उतरू शकत नाही, तिच्यासाठी मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद छोट्या गोल धातूच्या डबीत घालून घरी नेतात. डबी गळ्यातल्या लहानशा पिशवीत, छातीशी धरलेली. तो नेणारा माणूस वाटेत गप्पा मारत नाही, कुठे थांबत नाही. आजीनं मात्र सकाळपासून टेबलावर पांढरं कापड अंथरून मेणबत्ती लावून ठेवलेली असते.

पैशांचा हिशेब तुम्ही मोकळेपणानं विचारलात, तो तसाच सांगतो. मिस्सेत फिरणारी मोठी थैली वेगळी आणि कॉन्फरन्सची छोटी वेगळी. मोठ्या थैलीतून चर्चचं वीजबिल, डागडुजी, कर्मचाऱ्यांचे पगार जातात. काही दिवसांची वर्गणी ठरलेल्या कामाची असते : ऑक्टोबरातला मिशन रविवार, पवित्र भूमीसाठी शुभ शुक्रवार, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१७पासून सुरू केलेला गरिबांचा जागतिक दिन. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या प्रायश्चित्तकाळात घरोघर पाकिटं किंवा डबे देतात. उपवासानं, मांसाहार किंवा सिनेमा सोडून वाचवलेले पैसे त्यात टाकायचे. भारतातल्या कॅथलिक चर्चची मदतसंस्था, १९६२मध्ये स्थापन झालेली कारितास इंडिया, या काळात देशभर मोहीम चालवते. धर्मसंहितेचं १२६७वं कलम इथे महत्त्वाचं आहे : ज्या कारणासाठी दान दिलं, त्याच कारणासाठी ते वापरायचं. गरिबांसाठी आलेल्या पैशातून घंटाघराला रंग देता येत नाही. ५३७व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात फादरांना सल्ला द्यायला अर्थसमिती असावीच लागते. शिवाय महाराष्ट्रात धर्मादाय न्यास १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली येतात. हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, मंदिराला लागतात तसेच.

परदेशातून पैसा येतो का? काही संस्थांना येतो. व्हिन्सेंट सोसायटीत एक जुनी पद्धत आहे. परदेशातली एखादी कॉन्फरन्स भारतातल्या एखाद्या कॉन्फरन्सशी जोडली जाते, पत्रव्यवहार करते आणि मदत पाठवते. पण परदेशी देणगी घ्यायची तर केंद्र सरकारची नोंदणी किंवा परवानगी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते, आणि घेतलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. तुमची मैत्रीण रविवारी ज्या घरी जाते, तिथल्या औषधांचे पैसे बहुतेक वेळा तिच्यासारख्यांच्याच खिशातून आलेले असतात.

आता शेवटचा प्रश्न, आणि मला वाटतं तुमच्या मनात तोच सर्वांत मोठा असावा. मदत फक्त ख्रिस्ती माणसांना मिळते का? नाही. व्हिन्सेंट सोसायटीच्या जागतिक नियमावलीत स्पष्ट आहे की गरजवंताचा धर्म, वंश किंवा राजकीय मत पाहायचं नाही. प्रत्यक्षात हद्दीतली ख्रिस्ती कुटुंबं ओळखीची असल्यामुळे आधी त्यांच्यापर्यंत पोचणं होतं, हे खरं. पण वस्तीत एकाच जिन्यावर तीन धर्मांची कुटुंबं राहतात. एका दारात थांबून शेजारच्या दाराकडे पाठ कशी फिरवणार? मदतीच्या बदल्यात धर्मांतर ही गोष्ट चर्चच्या शिकवणीलाही मान्य नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५मध्ये धर्मस्वातंत्र्याविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात गरीब आणि अशिक्षित माणसांशी वागताना बळजबरी किंवा अनुचित आमिष यांचा वासही असता कामा नये, असं बजावलेलं आहे. प्रौढ माणूस स्वेच्छेनं आला तरी त्याला बाप्तिस्म्याआधी दीर्घ तयारी करावी लागते. या शिकवणीला सोडून कुणी वागत असेल, तर तो चर्चच्याही दृष्टीनं चुकतो.

धर्मग्रामाच्या हद्दीत मावत नाहीत अशीही कामं पुणे परिसरात उभी राहिली आहेत. सिस्टर लुसी कुरियन पुण्यात काम करत असताना एका गरोदर बाईनं त्यांच्याकडे रात्रीपुरता आसरा मागितला. त्या वेळी तशी सोय नव्हती. त्याच रात्री नवऱ्यानं त्या बाईला पेटवून दिलं. त्या धक्क्यातून १९९७मध्ये वढू बुद्रुकला ‘माहेर’ ही संस्था सुरू झाली. तिथे सर्व धर्मांच्या स्त्रिया आणि मुलं राहतात आणि सर्वांचे सण होतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ही सगळी विचारपूस कुतूहलापुरती नसावी असं वाटतं म्हणून लिहितो. कुणाला या कामात हातभार लावायचा असेल, तर रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या ऑफिसात जाऊन कॉन्फरन्सच्या अध्यक्षांना भेटावं. ख्रिस्ती असण्याची अट मदत करणाऱ्यालाही नाही. जुने कपडे देणारे पुष्कळ असतात. कमी पडतात ती शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरून देणारी, दहावीच्या मुलाला आठवड्यातून दोनदा गणित शिकवणारी, सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत एखाद्या आजोबांबरोबर सकाळभर बसणारी माणसं. चालायची काठी, वॉकर, कमोडची खुर्ची अशा वापरलेल्या पण धड वस्तू घरात पडून असतील, तर त्या आधी विचारून नेऊन द्याव्यात. आणि तुमच्या मैत्रिणीला ‘एखाद्या रविवारी मी सोबत येऊ का?’ असं विचारून पाहा. त्या घराला परकं माणूस चालणार असेल, तर ती तुम्हाला नक्की घेऊन जाईल.