आधी ठराव, मग स्पर्धा

शहराच्या मालकीची जागा कोणा एका आयुक्ताची किंवा नगरसेवकाची नसते. म्हणूनच तिच्यावर काय उभे राहावे हे ठरवताना खुली वास्तुरचना स्पर्धा घेणे हा मार्ग मला आजही सर्वांत चांगला वाटतो. निविदेत कमी दराला महत्त्व येते, थेट नेमणुकीत ओळखीपाळखीला. खुल्या स्पर्धेत मात्र नवख्या वास्तुविशारदालाही नामांकितांच्या बरोबरीने उभे राहता येते. मुंबई महापालिकेच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या विभागासाठी 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय वास्तुरचना स्पर्धा झाली आणि स्टीव्हन हॉल यांची निवड झाली, तेव्हा हा विषय आपल्यालाही परका नाही. पण अशा स्पर्धांचा मागोवा घेताना एक गोष्ट मला वारंवार जाणवली आहे. उत्तम रचना निवडली जाऊनही काम अडते, कारण आधी सोडवायचे प्रश्न स्पर्धेच्या गळ्यात टाकलेले असतात. ही जागा याच कामाला द्यायची का, पैसा कुठून येणार आणि पुढे इमारत कोण चालवणार, या तीन प्रश्नांची उत्तरे परीक्षक देऊ शकत नाहीत. ती लोकप्रतिनिधींनी आधी द्यायची असतात.

फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, या चुकीची किंमत स्पष्ट दिसते. तिथल्या दक्षिण बंदर परिसरात गुगेनहाइम संग्रहालय उभारण्याचा पहिला प्रस्ताव 2012 मध्ये शहराच्या कार्यकारी मंडळाने 8 विरुद्ध 7 मतांनी फेटाळला. शहराचे मत दुभंगले आहे, हे तेव्हाच उघड झाले होते. तरीही सुधारित प्रस्ताव आल्यावर 2014 मध्ये बंदरातली शहराची जागा स्पर्धेसाठी राखून ठेवली गेली आणि खुली, निनावी, आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली. बांधायचे की नाही, हा निर्णय मात्र पुढे ढकलला. 77 देशांतून 1,715 प्रवेशिका आल्या. परीक्षकांसमोर नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. जीएच-04380895 हा क्रमांक पॅरिसच्या मोरो कुसुनोकी या तरुण फर्मचा होता, हे जून 2015 मध्ये निकालाच्या वेळी कळले. जाळून काळ्या केलेल्या लाकडाचे बुटके मंडप आणि त्यांच्यातून वर येणारा दीपस्तंभासारखा मनोरा, अशी ती रचना होती. त्याच काळात विरोधकांनी ‘नेक्स्ट हेलसिंकी’ नावाची पर्यायी स्पर्धा भरवली आणि तिलाही दोनशेहून अधिक प्रस्ताव आले. या जागेवर मुळात काय हवे, हाच प्रश्न सुटलेला नव्हता, याचा याहून ठळक पुरावा कोणता? इमारतीचा खर्च सुमारे 13 कोटी युरो धरला होता. सप्टेंबर 2016 मध्ये फिनलंड सरकारने त्यातला वाटा उचलायला नकार दिला आणि नोव्हेंबरअखेर नगरसभेत प्रस्ताव 53 विरुद्ध 32 मतांनी पडला.

नगरसभेचा तो अधिकार होता आणि तिने तो वापरला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रमाबद्दल. लग्न ठरण्याआधी पत्रिका छापाव्यात, तसा हा प्रकार झाला. एका प्रवेशिकेमागे शंभर तास धरले, आणि हा अंदाज कमीच आहे, तरी एक लाख सत्तर हजारांहून अधिक तासांचे कसबी श्रम त्या स्पर्धेत ओतले गेले. अंतिम फेरीतले सहा संघ सोडले तर ते जवळजवळ सगळे विनामोबदला होते. स्पर्धा जाहीर करणारे शहर या श्रमांचे ऋणी असते, म्हणून “पाहू तरी काय येते” एवढ्या तयारीवर ती जाहीर करण्याचा त्याला अधिकार नाही.

याच हेलसिंकीने योग्य क्रमही दाखवला आहे. मध्यवर्ती ग्रंथालय हवे की नको, यावर शहरात कित्येक वर्षे विचार झाला होता आणि नव्या ग्रंथालयात काय हवे, हे नागरिकांना विचारले गेले होते. त्यानंतरच्या खुल्या स्पर्धेत 544 प्रवेशिका आल्या आणि 2013 मध्ये एएलए आर्किटेक्ट्स विजयी ठरले. जानेवारी 2015 मध्ये नगरसभेने बांधकामाला मान्यता दिली आणि 5 डिसेंबर 2018 रोजी संसदेसमोर ‘ओडी’ ग्रंथालय उघडले. इथेही अंतिम मंजुरी स्पर्धेनंतरच आली. पण ग्रंथालय चालवणारी यंत्रणा शहराकडे होती आणि गरज मान्य झालेली होती. स्पर्धेपुढे रूप ठरवण्याचेच काम उरले होते आणि ते तिने चोख केले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चित्र डोळ्यांसमोर आल्याशिवाय लोकांना कल्पना येत नाही, म्हणून आधी स्पर्धा घ्या, लोकमत आपोआप तयार होईल. चित्राची ताकद मलाही मान्य आहे. पण मग त्या स्पर्धेला कल्पनास्पर्धा म्हणा आणि तसे पहिल्याच पानावर छापा. न्यूयॉर्कमध्ये हायलाइन या बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गासाठी 2003 मध्ये अशी स्पर्धा झाली. 36 देशांतून 720 संघ आले. यातली कोणतीच रचना थेट बांधली जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. लोकांची कल्पनाशक्ती जागी झाली, प्रत्यक्ष कामासाठी वास्तुविशारदांची निवड पुढे स्वतंत्रपणे झाली आणि 2009 मध्ये उद्यानाचा पहिला टप्पा खुला झाला. दुसरा आक्षेप विलंबाचा: आधी ठराव करत बसलो तर पाच वर्षे जातील. जातीलही. पण वाद टळत नाही, तो फक्त महाग होऊन नंतर येतो. तिसरा आक्षेप असा, की सगळे आधीच ठरवले तर परीक्षकांना आणि लोकांना उरते काय? उरते ते मोठेच आहे. काय हवे ते लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी सांगावे. ते कसे असावे हे जाणकारांनी निवडावे. या दोन कामांची सरमिसळ झाली की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

म्हणून आपल्याकडची एखादी महापालिका किंवा नगरपरिषद उद्या अशी स्पर्धा घेणार असेल, तर माझे सांगणे असे आहे. आधी जागेची कागदपत्रे साफ करा: मिळकत पत्रिका, विकास आराखड्यातले आरक्षण, अतिक्रमणे, किनारा किंवा वारसा नियमांची बंधने. मग सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, अंदाजपत्रकात तरतूद दाखवा आणि इमारत चालवण्याचा वार्षिक खर्च कोणत्या विभागाकडे जाईल ते लिहून ठेवा. परीक्षकांची नावे प्रवेशिका मागवण्याआधी जाहीर करा, त्यांत वास्तुविशारदांचे बहुमत ठेवा आणि त्यांचा अहवाल कारणांसह प्रसिद्ध करा. पहिल्या फेरीत दोन पानांहून जास्त मागू नका. सविस्तर काम निवडक संघांकडून, मानधन देऊन करून घ्या. विजेत्याशी करार किती महिन्यांत होईल आणि काम रद्द झाले तर त्याला किती भरपाई मिळेल, हे नियमावलीतच असू द्या. यातले एकही कलम लिहायला प्रशासन कचरत असेल, तर स्पर्धा जाहीर करण्याची वेळ अजून आलेली नाही असे समजावे, आणि तोपर्यंतचा वेळ तेवढे एक कलम पक्के करण्यात घालवावा.