ब्रिस्केट वगळून बार्बेक्यू

(मामा नोकरीनिमित्त बरीच वर्षं ह्यूस्टनला होते, आता नागपूरला धरमपेठेत राहतात. भाची पुण्याच्या कंपनीच्या कामासाठी दुबईला निघाली आहे. तिथल्या सहकाऱ्यांनी टेक्सास पद्धतीच्या एका हॉटेलात जेवायचा बेत केला आहे.)

भाची : मामा, दुबईत बसून टेक्सासचं बार्बेक्यू खाण्यात काही अर्थ आहे का? त्यात मी बीफ खात नाही. मग मी जाऊन करू काय तिथे?

मामा : दोन प्रश्न एकदम नको विचारू. आधी मला सांग, तुझ्या डोळ्यासमोर बार्बेक्यू म्हणजे काय येतं?

भाची : टेबलातच शेगडी असते. सळईला चिकन, पनीर, अननस. पोट भरलं की आपण झेंडा खाली करायचा.

मामा : घोळ इथंच आहे! ती भाजणी झाली बेटा. निखारा खाली, मांस वर, दहा मिनिटांत काम झालं. मीही आवडीनं खातो. पण टेक्सासमध्ये विस्तव एका टोकाला आणि मांस दुसऱ्या टोकाला ठेवतात. आडवी, लांब, लोखंडी भट्टी असते. जाळ मांसाला शिवत नाही, फक्त गरम हवा आणि धूर त्याच्यावरून जाऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतो. भट्टीतली उष्णता साधारण 110 ते 130 अंश सेल्सियस. आपला तंदूर 400 च्या आसपास तापतो. आता दोन्हीला एकच नाव द्यायचं का?

भाची : म्हणजे आपल्या रोडग्यांसारखं?

मामा : नाही. रोडगा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेत पुरलेला असतो, विस्तव त्याच्या अंगाला लागतो. इथे तसं नाही. आणि वेळ बघ. पाच-सहा किलोचं ब्रिस्केट असेल तर दहा-बारा तास, कधी चौदा.

भाची : कुकरला चार शिट्ट्या दिल्या तरी मांस मऊ होतं न. एवढा वेळ कशाला?

मामा : कुकरमध्ये मऊ होतं, पण रस सगळा पाण्यात उतरतो. आपल्याला रस्साच हवा असतो म्हणून ते चालतं. ब्रिस्केट म्हणजे जनावराची छाती. गाई-बैलांना गळ्याचं हाड नसतं, पुढच्या धडाचा भार हेच स्नायू पेलतात. म्हणून त्यात कोलॅजन भरपूर, चिवट. ते वितळून त्याचं जिलेटिन व्हायला कमी आच आणि पुष्कळ तास लागतात. घाई केली की स्नायू आकसून पाणी सोडतो, कोलॅजन मात्र तसंच राहतं. मग चपलेचा तळवा चावत बसा! आणि मधे एक टप्पा असा येतो की भले भले घाबरतात. मांसाच्या आतली उष्णता 65-70 अंशांपर्यंत चढते आणि थांबते. दोन तास, चार तास, काटा हलत नाही. नवखा माणूस वैतागून लाकडं कोंबतो.

भाची : थांबते कशी? आच तर चालूच आहे.

मामा : मे महिन्यात आपला कूलर काय करतो? वाळ्यातून पाणी उडतं आणि हवा गार होते. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन तसंच उडतं. जितकी उष्णता आत जाते तितकीच बाफ होऊन निघून जाते. पाणी उडायचं कमी झालं की काटा पुन्हा चढतो. काही जण त्याआधीच मांस खाटकाच्या जाड कागदात गुंडाळतात, त्यानं वेळ वाचतो. 93-95 अंशांवर उतरवायचं आणि मग तासभर तरी तसंच झाकून ठेवायचं. हे ठेवणं काही हॉटेलवाले वगळतात.

भाची : बरं, हे समजलं. मांसाच्या कडेला गुलाबी पट्टी दिसते, ते कच्चं असतं का?

मामा : कच्चं नाही. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याला धरतात, म्हणून तो रंग टिकतो. त्याची चवीशी गाठ नाही.

भाची : ठीक. पण मामा, ब्रिस्केट मी खाणारच नाही. तुम्ही इतका वेळ त्याचंच सांगून राहिले.

मामा : कारण त्याच्यावरून पद्धत समजते. टेक्सासमध्येच लॉकहार्ट नावाचं गाव आहे, ऑस्टिनच्या दक्षिणेला. तिथं क्रूझ मार्केट 1900 सालापासून आहे आणि ब्लॅक्स 1932 पासून. मुळात ही खाटकांची दुकानं. जर्मन आणि चेक वस्तीतले खाटीक उरलेलं मांस धुरावर ठेवायचे आणि कागदावर, वजनावर विकायचे. सोबत ब्रेड, लोणची काकडी, कांदा. क्रूझमध्ये कित्येक वर्षं काटे-चमचे आणि सॉस देतच नव्हते. मसाला म्हणून मीठ आणि मिरी.

भाची : म्हणजे मूळचं जर्मन?

मामा : हेच ऐकून मला चीड येते. पाट्यांवर खाटकांची आडनावं आली म्हणून सगळं श्रेय त्यांचं? दक्षिणेतल्या राज्यांत खड्डे खणायचे, रात्र-रात्र जागून आच सांभाळायची आणि अख्खं जनावर भाजायचं, हे काम गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या माणसांनी केलं. हात त्यांचा होता. कॅन्सस सिटीचं बार्बेक्यू प्रसिद्ध आहे न, तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धुरावरचं मांस विकून तो धंदा उभा करणारा हेन्री पेरी काळा होता. पुस्तकं, टीव्हीचे कार्यक्रम, सगळीकडे बरीच वर्षं दाढीवाले गोरे बाप्येच दिसायचे. बायका तर कुठंच नाहीत. टेक्सासमधल्या लेक्सिंग्टन गावात स्नोज नावाचं दुकान आहे, फक्त शनिवारी उघडणारं. 2008 साली ‘टेक्सास मंथली’ मासिकानं त्याला राज्यात पहिला नंबर दिला. तिथली भट्टी टूट्सी टोमानेट्झ या बाई सांभाळत. ऐंशी ओलांडल्यावरही मध्यरात्रीनंतर उठून निखारे ओढणाऱ्या बाई! आठवड्याचे बाकी दिवस त्या शाळेत साफसफाईचं काम करायच्या. अशा माणसाचं नाव आधी घ्यायला हवं.

भाची : मान्य. पण माझा प्रश्न तिथंच आहे. टेक्सास म्हणजे ब्रिस्केट, हे तुम्हीच म्हणता. ते सोडून मी जे खाईन ते अस्सल कसं? चिकन मागवलं तर सहकारी म्हणतील, हिनं टेक्सासला येऊन पनीर टिक्का मागवला.

मामा : म्हणू दे. अमेरिका काय एकटं टेक्सास आहे? आणि टेक्सासमध्येसुद्धा टर्की आणि चिकन त्याच भट्टीत शेजारी ठेवलेलं असतं. अलाबामात डेकेटर गावी बिग बॉब गिब्सननं 1925 साली दुकान टाकलं. त्याचं नाव झालं ते धुरावरच्या चिकनमुळे आणि मेयोनीज-व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमुळे. कोणी त्याला म्हणत नाही की तुझं बार्बेक्यू खोटं.

भाची : चिकन कुठंही मिळतं हो.

मामा : मग मटण घे! केंटकीत ओवेन्सबरो गाव आहे, ओहायो नदीच्या काठी. तिथलं बार्बेक्यू म्हणजे मेंढीचं मटण. 1816 च्या आयात करानंतर लोकरीला भाव आला, शेतकऱ्यांनी मेंढ्या वाढवल्या. लोकर द्यायची थांबलेली म्हातारी मेंढी चिवट आणि उग्र. तिला हिकरीच्या लाकडाच्या धुरावर तासन्‌तास ठेवलं आणि वरून आंबट काळं पाणी मारत राहिले, तेव्हा ती खाण्याजोगी झाली. आणि बोकड हवा असेल तर टेक्सासमध्येच ब्रॅडी गावात 1974 पासून बोकडाच्या बार्बेक्यूची स्पर्धा भरते. हे त्यांचंच आहे, आपल्यासाठी केलेली सोय नव्हे.

भाची : हे दुबईच्या मेन्यूवर असेल?

मामा : ते मला कसं ठाऊक असणार? मेन्यू आधी बघून घे. तिथं पोर्क बहुतेक नसेल. बीफची बरगडी असेल, चिकन असेल, कोकराचा खांदा बऱ्याच ठिकाणी ठेवतात. ठेवला असेल तर तोच माग, कारण खांद्यात कोलॅजन असतं आणि भट्टीवाल्याची परीक्षा त्याच्यावर होते. कोंबडीच्या छातीवर कोणाची परीक्षा होत नाही.

भाची : आणि तो पास झाला की नापास, हे मला कळणार कसं? मी तर पहिल्यांदाच खाणार.

मामा : कळतं, बघायला शिक. ताटात आलं की आधी वरची काळी खपली बघ. ती जळालेली नसते. मिरी, मीठ, चरबी आणि धूर मिळून झालेली ती साल असते. नखानं टोकर, कोरडी आणि घट्ट लागली पाहिजे. ओली, चिकट, गोड असेल तर सॉस चोपडून ओव्हनमध्ये ठेवलंय असं समज. मग एक काप उचलून बोटावर आडवा टाक. दोन्ही बाजूंनी लोंबला पण तुटला नाही, आणि हलकेच ओढल्यावर सुटला, तर बरोबर. बोटावरच भुगा झाला तर जास्त शिजलं. बरगडीचंही तसंच. लोक कौतुकानं सांगतात की हाडावरून मांस गळून पडलं. गळून पडायला नको! चावलं तिथून स्वच्छ सुटावं आणि दाताची खूण राहावी.

भाची : आणि धुराचा वास?

मामा : हा मुद्दा मोठा आहे. खाल्ल्यावर जिभेवर कडवट, डांबरासारखं राहिलं तर लाकूड ओलं होतं किंवा हवा कोंडली होती. पांढरा दाट धूर वाईट. पातळ, जेमतेम दिसणारा निळसर धूर हवा. तो काढायला लाकूड वाळलेलं लागतं आणि माणूस जागा लागतो. बाटलीतला द्रव धूर घालून आणलेला वास नाकात लगेच जातो पण मांसाच्या आत नसतो. आपल्या शहरात एकानं मला असलंच काहीतरी ‘स्मोक्ड’ म्हणून आणून दिलं, पैसे मात्र अस्सलचे घेतले. मी त्याला विचारलं, लाकूड कोणतं? तो म्हणाला, सर गॅस आहे. काय बोलणार!

भाची : तुम्ही चिडला असाल.

मामा : चिडू नको तर काय! सावजीचं काय करून ठेवलंय बघ. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण ते. पाट्यावर वाटलेला मसाला, त्यात खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरी, लवंग, आणि जवसाचं तेल. पुण्या-मुंबईत लाल तिखट ओतून वर तेलाचा तवंग आणला की पाटी लागते ‘अस्सल नागपुरी सावजी’. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणजे सावजी झालं असं लोकांनी ठरवूनच टाकलंय.

भाची : पण मामा, पुण्यात एखाद्यानं मसाला नीट वाटला, तेल बरोबर घातलं, तर तुम्ही त्याला सावजी म्हणाल न? नागपूरच्या गोळीबार चौकात नसला तरी?

मामा : म्हणेन. का नाही म्हणणार?

भाची : मग दुबईचंही तसंच.

मामा : अगदी तसंच. पॅरिसमध्ये थॉमस अब्रामोविच नावाच्या फ्रेंच माणसानं 2014 साली ‘द बीस्ट’ काढलं. आधी टेक्सासमध्ये टेलर गावी जाऊन लुई म्यूलरच्या दुकानात शिकला, भट्टीही टेक्सासमधूनच नेली. काम शिकून केलंय, रात्री कोणीतरी जागतंय, एवढं मला पुरे. गाव कोणतं हे मी विचारत नाही.

भाची : तरी मला एक खटकतं. ब्रिस्केट न खाता मी परत आले, तर मी ते खरंच खाल्लं असं म्हणू शकेन का?

मामा : तू ब्रिस्केट खाल्लं नाहीस, एवढंच म्हणशील. आणि ते इथे तरी कुठं मिळणार होतं? आपल्या राज्याच्या 1976 च्या कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून बैल आणि वळूही कापता येत नाहीत. इथल्या कोणाला ही पद्धत उचलायची असेल तर बोकडावर काम करावं, आणि ते जमण्यासारखं आहे. लाकडाची तर आपल्याकडे चंगळ. टेक्सासवाले ज्या मेस्किटचं कौतुक करतात, त्याचीच भाऊबंद आपली वेडी बाभूळ, पडीक जमिनीवर माजलेली. काटोल-वरूडकडे डिंक्या लागून संत्र्याच्या बागाच्या बागा वाळतात, झाडं तोडून सरपणाला जातात. फ्लोरिडात संत्र्याच्या लाकडावर मांस धुरवतात. आपण तेच लाकूड चुलीत घालून पाणी तापवतो! कोणीतरी करून बघायला पाहिजे, मी कधीचा सांगून राहिलो.

भाची : बोकड कोरडा नाही पडणार? त्याच्यात चरबी कुठे असते?

मामा : पडतो. म्हणून मांड्या नको, खांदा घ्यायचा. पाच-सहा तास पुरतात, अर्ध्यात कागदात गुंडाळायचा, वरून व्हिनेगर-मिठाचं पाणी मारत राहायचं. खाटकाला आदल्या दिवशीच सांगावं लागतं, नाहीतर तो सवयीनं तुकडे करून देतो. अख्खा खांदा, हाडासकट.

भाची : मी दुबईहून आल्यावर करू या. आणि तिथं वेटरला काय विचारू?

मामा : लाकूड कोणतं आणि विस्तव केव्हा पेटवला. दुपारी जा, उघडल्या उघडल्या. ऑस्टिनचं फ्रँकलिन बार्बेक्यू 2009 साली एका ट्रेलरवर सुरू झालं, लोक तिथं सकाळपासून रांग लावतात, कारण माल संपला की दुकान बंद. रात्री अकराला ताटभर मांस देणाऱ्याकडे ते सकाळपासून गरम ठेवलेलं असतं.

भाची : सहकाऱ्यांनी तर रात्री नऊची वेळ घेतली आहे.

मामा : मग आजच फोन कर आणि बदलून घे.